आतल्या खोलीतलं इंजिन

नामदेवराव पहाटे सव्वाचारला उठत. अंबरपेठेत आमच्या गल्लीला नळाचं पाणी एक दिवसाआड येतं, साडेचारला येतं आणि पाऊण तासात जातं. पाण्याच्या दिवशी ते दोन ड्रम आणि अकरा घागरी भरत. पाणी नसलेल्या दिवशीही त्याच वेळी उठत. शरीराला दोन वेळा शिकवल्या की ते एकही पाळत नाही, असं त्यांचं म्हणणं. पाच ते साडेआठ घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं काम. नऊ ते सात मालकाच्या वर्कशॉपमध्ये. तेहतीस वर्षं ते डिझेल इंजिनांचे फिटर. मी त्याच वर्कशॉपमध्ये त्यांच्या चार वर्षं आधी लागलो आणि गुडघे गेल्यावर आधी घरी बसलो. ते मला दादा म्हणत.

शेडमध्ये त्यांची जीप होती. एका कंत्राटदारानं टाकून दिलेली, चाकं जमिनीत रुतलेली. ती त्यांनी सहा वर्षांत पहाटेच्या साडेतीन-साडेतीन तासांनी उभी केली. चालायची. पण इंजिन जुन्या धर्तीचं, बिनटर्बोचं. रिकामी असली तर ठीक, माणसं भरली की चढावर दम टाकायची.

लेक प्रणिताचं लग्न कौस्तुभशी झालं. मुलगा आयटीतला, घरचे मूळ पुण्याचे, तारनाक्याला चौथ्या मजल्यावर फ्लॅट. लग्नानंतर दोन महिन्यांनी नामदेवराव विहीणबाईंसह सगळ्यांना जीपमधून एका बारशाला घेऊन निघाले. आम्ही सात जण होतो. फ्लायओव्हरच्या चढावर जीप पहिल्या गिअरमध्येही थांबली. कौस्तुभ आणि त्याचे वडील उतरून चालू लागले, तेव्हा कुठं ती पुढं सरकली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

"बाबा, हिला टर्बो लावा," कौस्तुभ खिडकीशी चालत चालत म्हणाला. "नाहीतर बैल तरी."

तो हसला, प्रणिता हसली, मीही हसलो. सुनंदाबाई, म्हणजे विहीणबाई, म्हणाल्या, "असू दे हो, चालणं चांगलंच असतं."  नामदेवरावांनी ती गंमत कामाची ऑर्डर म्हणून घेतली.

टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो, म्हणून जास्त डिझेल जळतं आणि ताकद वाढते. वस्तू नारळाएवढी. पण चालताना लाल होते, म्हणून तिला चहूबाजूंनी मोकळी जागा लागते, आणि या जीपच्या बॉनेटखाली ती जागा कुणी ठेवलेली नव्हती. नामदेवरावांनी आधी पुठ्ठ्याचा टर्बो केला. तो आत धरून कुठं काय अडतं ते आठ दिवस पाहिलं. मग बॅटरी सीटखाली नेली. एअर फिल्टरचा डबा मडगार्डवर नेला. रेडिएटर दोन बोटं पुढं सरकवला, त्यासाठी समोरची जाळी कापली. स्टिअरिंगचा दांडा आणि टर्बो यांच्यात त्यांना एक अंगठा जागा हवी होती. मिळाली अर्धा अंगठा.

"अर्धा चालतो," मी म्हटलं.

"चालतो. पळत नाही."

टर्बो इंजिनाला जोडणारा नळीचा जोड त्यांनी कापून पुन्हा वेल्ड केला. त्यात सोळा पहाटा गेल्या. मी मोजल्या, कारण मी रोज चहाला तिथं असे.

एवढ्यानं भागत नाही. टर्बोचा दाब जुन्या पिस्टनना सोसत नाही, पिस्टन दुसरे घालावे लागतात. म्हणजे इंजिन खाली उतरवून पूर्ण उघडायचं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी ते उघडलं. त्याच आठवड्यात गल्लीत ड्रेनेजसाठी खोदकाम सुरू झालं. शेड दोन बाजूंनी उघडी. दिवसभर धूळ. उघड्या बेअरिंगवर वाळूचा एक कण बसला तरी तो पुढं वर्षभर कापत राहतो. म्हणून ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं जड धड, शेडमध्ये साखळीला टांगून ताडपत्रीत गुंडाळला आणि बाकी सगळं इंजिन त्यांनी आतल्या खोलीत नेलं.

घर दोन खोल्यांचं आणि स्वयंपाकघर. आतल्या खोलीतली खाट त्यांनी भिंतीला उभी केली. ट्रंका बाहेर आल्या. नवरा-बायको बाहेरच्या खोलीत निजू लागले. आत फरशीवर तेलुगू वर्तमानपत्रं अंथरली आणि त्यांवर पुर्जे निघाले तसे, निघाले त्या क्रमानं, रांगांनी मांडले. पहिल्या सिलिंडरचं सगळं खिडकीशी, चौथ्याचं दाराशी. मधून एक पाऊल मावेल एवढी वाट. त्या वाटेनं ते अनवाणी फिरत.

ही रीत उस्ताद जाफरमियाँची. आम्ही दोघंही त्यांच्या हाताखाली शिकलो. उस्ताद सांगत, "पुर्जे कू नाम नक्को, जगा देओ." त्यांना लिहिता येत नव्हतं आणि लिहिणाऱ्यांचा त्यांना राग होता. चिठ्ठ्या बांधणारा, डब्यांवर आकडे टाकणारा फिटर त्यांच्या लेखी कच्चा. पुर्जा जिथं ठेवलाय तीच त्याची ओळख. वर्कशॉपमध्ये आम्ही असं शेकडो इंजिनांचं केलं आणि एकही चुकलं नाही.

गंगूवहिनींनी, म्हणजे नामदेवरावांच्या बायकोनं, सुरुवातीला काही म्हटलं नाही. खोली इंजिनाला गेली ती आठ-पंधरा दिवसांसाठी, असं त्यांना सांगितलं होतं. प्रणिताला दिवस गेल्याचं आधीच कळलं होतं, आता सातवा जवळ आला.

वहिनींचं इथं सांगायला हवं. त्यांची आई त्या नऊ वर्षांच्या असताना गेली. देगलूरला भाऊ होते, भावजया होत्या, पण पहिल्या बाळंतपणाला कुणी न्यायला आलं नाही. प्रणिता गौलीगुड्यात बसस्टँडच्या मागं भाड्याच्या खोलीत झाली. नामदेवराव कामावर होते. शेजारची शोभा म्हणून एक बाई होती, तिनं सगळं केलं. घरमालकाला ऐकू जाऊ नये म्हणून वहिनींनी टॉवेल दातात धरला होता. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही प्रणिताच्या लग्नाच्या हळदीला. म्हणाल्या, "मला माहेर नव्हतं दादा. हिला आहे." लेकीचं पहिलं बाळंतपण आपल्या घरात, आतल्या खोलीत, आपल्या हातानं करायचं, एवढी एक गोष्ट त्यांनी आयुष्याकडून मागितली होती. दुसरं काही मागितलेलं मला माहीत नाही.

"पाडव्यानंतरच्या शुक्रवारी आणायची प्रणिताला," एके संध्याकाळी त्या म्हणाल्या. "दिवस विहीणबाईंनीच काढलाय. डोहाळजेवण तिकडं, मग इकडं."

"हौ," नामदेवराव म्हणाले.

"हौ काय? ती निजणार कुठं, पिस्टनशेजारी?"

"पाडव्यापर्यंत सगळं इंजिनात बसलेलं असेल."

"मागच्या अमावास्येलाही बसणार होतं."

"गॅस्केट आलं नाही."

"माझी लेक यायची आहे. ती काय गॅस्केटसाठी थांबणार?"

मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बघा दादा. ह्या इंजिनचं माहेरपण चाललंय माझ्या घरात. न्हाऊ घालतात, पुसतात, निजवतात. मला तेहतीस वर्षांत कुणी असं पुसलं नाही."

नामदेवराव हसले. कपाळावरचा घाम बाहीनं पुसला आणि पुन्हा आत गेले.

गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांच्या सांध्यात घालायची पट्टी, गौलीगुड्याच्या दुकानातून आलं, ते पातळ निघालं. परत केलं. दुसरं यायला नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत त्यांनी काही बसवलं नाही, कारण अर्धवट बसवून ठेवणं त्यांना मान्य नव्हतं. पाडवा बुधवारी होता. त्याआधीच्या सोमवारी गॅस्केट आलं. आता जोडायला पहाटेचे आणि संध्याकाळचे धरून चार दिवस पुरले असते. घाईचं, पण होण्यासारखं. मी स्वतः हिशेब केला होता.

त्याच सोमवारी ते कामावर असताना वहिनींनी पाडव्याची साफसफाई काढली.

समोरच्या सुशीलाबाई मदतीला आल्या. दोघींनी तीन तास खोली काढली. कुणी म्हणेल, बाईनं रागानं केलं. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या तोंडून सगळं ऐकलं, रागाचं त्यात काही नव्हतं. उलट त्यांनी एकेक पुर्जा जुन्या लुगड्याच्या फडक्यानं पुसला. गंज चढू नये म्हणून शेंगदाण्याच्या तेलाचा हात फिरवला. आणि भांडी लावतात तसे लावले. सारख्यात सारखे. दांडे सगळे परातीत, टोप्या सगळ्या पातेल्यात, बारकं सगळं डब्यांत, आकारानं. एकही वस्तू हरवली नाही, एकाही वस्तूला ओरखडा नाही. मग फरशी सोड्यानं घासली, खाट आडवी केली, नवी चादर घातली.

नामदेवराव सव्वासातला घरी आले. गल्लीच्या तोंडापासून मी बरोबर होतो. ते खोलीच्या दारात उभे राहिले.

"झाली बघा खोली," वहिनी म्हणाल्या. "तुमचं सगळं जपून ठेवलंय. परातीत आहे."

त्यांनी परात पाहिली, पातेलं पाहिलं. "गंगू, कुठली टोपी कुठं होती?"

"सगळ्या सारख्याच तर आहेत."

"हौ," ते म्हणाले. "दिसतात सारख्या."

ते खाटेवर बसले आणि लगेच उठले. पँट तेलकट होती, चादर नवी होती.

दांडा आणि टोपी म्हणजे काय ते सांगतो. पिस्टनला एक दांडा असतो. त्याचं खालचं तोंड दोन अर्ध्या गोलांचं, अर्धा दांड्यात, अर्धा टोपीत. कारखान्यात टोपी दांड्याला बोल्टनं आवळून मगच ते भोक कातलेलं असतं. त्यामुळं एकाची टोपी दुसऱ्याला बसते, पण भोक गोल राहत नाही. केसाहून कमी फरक. तेवढ्या फरकावर इंजिन तासाभरात जाम होतं. कारखान्याचे आकडे असतात, पण या इंजिनात मागच्या कुठल्या तरी मिस्त्रीनं दुसऱ्या इंजिनाचे दांडे-टोप्या घातल्या होत्या. आकडा दोन तीनदा होता, तीन आणि चार नव्हतेच.

इंजिन उघडतानाच खुणा करता आल्या असत्या. पहिल्या दांड्याला एक ठिपका, दुसऱ्याला दोन, असे चौथ्यापर्यंत, आणि तितकेच त्यांच्या टोप्यांना. पंच, म्हणजे पोलादी टोच्या, धरून वीस ठोके. तीन मिनिटांचं काम. तेहतीस वर्षांच्या फिटरनं ते केलं नाही. मी रोज तिथं चहा पीत होतो, मीही बोललो नाही. उस्तादच्या शेडची लांबी साठ फूट होती, कुलपाची किल्ली त्यांच्या कमरेला असे, आणि तिथं कुणाला बाळंत व्हायचं नव्हतं. हे आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

उपाय एकच होता, मोजणं. चार दांडे, चार टोप्या, सोळा जोड्या. प्रत्येक जोडी शिकंज्यात धरायची, बोल्ट ठरल्या जोरानं आवळायचे, भोक तीन दिशांनी मोजायचं, लिहायचं, सोडायचं. एका जोडीला वीस मिनिटं. माझं भोक मोजायचं गेज मी फ्लॅनेलमध्ये जपून ठेवलं होतं, ते आणलं. मंगळवारी खाट पुन्हा भिंतीला उभी राहिली. वर्तमानपत्रं पुन्हा अंथरली. वहिनींनी चादर घडी करून ट्रंकेत टाकली.

मंगळवारी संध्याकाळी पाच जोड्या झाल्या. बुधवारी गुढी उभारून, कडुलिंबाची पानं चावून आम्ही आठला बसलो आणि उरलेल्या अकरा केल्या. दोन दांड्यांच्या टोप्या नक्की ठरल्या. बाकी दोन दांडे आणि दोन टोप्या अदलाबदल केली तरी गेज जवळपास तेच सांगत होतं.

"पुन्हा घ्या," मी म्हटलं.

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. उन्हानं खोली तापली होती, तापलेलं लोखंड खरं माप देत नाही. गुरुवारी पहाटेच्या गारव्यात पुन्हा घेतलं. थोडा फरक दिसला, पण भरवसा ठेवावा इतका नाही.

गुरुवारी संध्याकाळी वहिनींनी मला स्वयंपाकघराच्या दारात थांबवलं. "दादा, ते तुमचं ऐकतील. पोत्यात भरा म्हणावं. वर्षभर पडू दे शेडमध्ये. उद्या चारला पोरगी येणार."

"वहिनी, एवढ्यावर आलंय," मी म्हटलं. "उद्या दोनपर्यंत खोली मोकळी करून देतो. माझ्याकडं लागलं."

त्यांनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "तुम्ही पण त्यांच्यातलेच."

खरं तर ठरलेल्या दोन जोड्या आणि बाकी सगळं पोत्यात घालून फक्त चार तुकडे बाहेर ठेवता आले असते. ते माझ्या घरीही नेता आले असते. दोन खोल्या आणि आठ माणसं आहेत, पण चार तुकड्यांना जागा झाली असती. सुचलं नाही असं नाही. हातात काम असताना माणूस कामाचंच ऐकतो.

शुक्रवारी नामदेवरावांनी रजा घेतली. कौस्तुभला संध्याकाळी ऑफिसची मीटिंग निघाली म्हणून ती मंडळी चारऐवजी साडेबारालाच आली. आम्हाला गाडीचा आवाज ऐकू आला तेव्हा शिकंज्यात दांडा होता.

प्रणिता आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी आली. एक हात कमरेवर. मागं कौस्तुभ दोन बॅगा घेऊन. खोलीत रॉकेलचा, डिझेलचा आणि तापलेल्या शेंगतेलाचा वास होता. आम्हाला तो जाणवत नव्हता.

"बाबा, टर्बो अजून चाललंय?" कौस्तुभ म्हणाला. "मी गंमत केली होती हो."

"दोन तास, जावईबापू. दोनच तास."

"असू दे," सुनंदाबाई म्हणाल्या. "हातातलं काम अर्धवट टाकू नये." त्यात टोमणा नव्हता. ती बाई टोमणे मारणारी नाही.

प्रणिता बाहेरच्या खोलीत बसली. वहिनींनी ओवाळलं, लिंबाचं सरबत दिलं. तिनं दोन घोट घेतले आणि न्हाणीत जाऊन ओकली. परत येऊन ओढणी नाकाला लावून बसली.

"आई, वास डोक्यात जातोय."

"मी सोड्यानं पुसून घेते. तासाभरात जाईल."

"नाही जात तो, फरशीत मुरतो. लहानपणापासून माहीत आहे मला." ती हसली. "बाबांचं होऊ दे. मी पुढच्या हफ्त्यात येते."

"आलेली लेक उंबऱ्यातून परत पाठवू?"

"असं नक्को ना बोलू. मलाच होत नाहीये, आई. कुणी काही म्हटलंय का?"

कुणीच काही म्हटलं नव्हतं. वहिनी सुनंदाबाईंकडं वळल्या. त्या म्हणाल्या, "आठ दिवसांनी मीच आणून सोडते, विहीणबाई. शब्द देते." वहिनींनी तयार ठेवलेली ओटी भरली. नामदेवराव हात न धुता दाराशी उभे होते. तेलाचे हात म्हणून त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला नाही. एक पंचवीसला गाडी गेली.

आम्ही आत गेलो. त्यांनी शिकंजा आवळला. मी गेज धरलं. दोन वाजून दहा मिनिटांनी, सगळं ओल्या फडक्यानं गार करून घेतलेल्या मापात, जोड्या ठरल्या. यावेळी शंका नव्हती. त्यांनी पंच घेतला आणि वीस ठोके मारले. स्वयंपाकघरात वहिनी होत्या, त्यांना एकेक ठोका ऐकू गेला असणार.

मग त्यांनी चार पोती आणली.

"धरा दादा तोंड."

मी पोत्याचं तोंड धरलं. दांडे, टोप्या, नव्या पाकिटातले पिस्टन, सोळा पहाटा घातलेला वेल्डचा जोड, टर्बो, सगळं त्यांनी भरलं. वरून फेकलं नाही. वाकून एकेक ठेवलं, पण क्रम पाहिला नाही. तीन महिन्यांचं काम चाळीस मिनिटांत पोत्यात गेलं.

"शेडमध्ये ठेवा," मी म्हटलं. "जोड्या ठरल्यात आता. खुणा झाल्यात."

"शेडमध्ये ठेवलं तर मी पाचला पुन्हा तिथंच जाईन."

भंगारवाला संध्याकाळी आला. ब्लॉकला चार माणसं लागली. जीपचा सांगाडा दुसऱ्या दिवशी ओढून नेला. किती मिळालं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

पुढचे आठ दिवस ते सव्वाचारला उठत, पाण्याचा दिवस असला तर पाणी भरत आणि पाच वाजता आतल्या खोलीची फरशी घासत. सोडा, चुना, लिंबू. भिंतींना दोन हात चुना दिला. गुडघ्यांवर बसून, कोपऱ्यापासून दाराकडं, एक फरशी चार वेळा. मी दारात बसून पाहिलं आहे, त्यात कामचुकारपणा नव्हता. आठव्या दिवशी वहिनींनी खोलीत उभं राहून श्वास घेतला आणि म्हणाल्या, "गेला." मला अजून येत होता. मी गेला म्हटलं.

नवव्या दिवशी सुनंदाबाईंचा फोन आला. प्रणिताचं ब्लडप्रेशर वाढलं होतं. डॉक्टरांनी हालचाल बंद केली. डाव्या कुशीवर पडून राहायचं, गाडीचा प्रवास नको, दर चार दिवसांनी तपासणी, आणि दवाखाना त्यांच्या घराखाली. सुनंदाबाई फोनवर रडत होत्या, शब्द दिला होता म्हणून. वहिनींनीच त्यांना समजावलं.

दोन महिने वहिनी रोज दुपारी बसनं तारनाक्याला जात आणि पाचला परत येत. चौथ्या मजल्यावर परक्या स्वयंपाकघरात त्यांना काही करू देत नसत. मानानं बसवत. डबा न्यावा तर मीठ चालत नव्हतं. लेकीच्या पायांना तेल लावायचं तर त्यासाठी पगारी बाई होती. "पाहुणी म्हणून जाते," वहिनी म्हणाल्या, "आणि पाहुणी म्हणून येते." नामदेवरावांशी त्या बोलत, पण कामापुरतं. वाढलंय, पाणी आलं, बिल आलंय. नामदेवरावांनीही कधी ‘माझं काय चुकलं?’ असं विचारलं नाही. ते रविवारीही वर्कशॉपमध्ये जाऊ लागले. मालकाला हवंच होतं.

मे महिन्यात एका मंगळवारी दुपारी प्रणिताला तारनाक्याच्या नर्सिंग होममध्ये नेलं. ऑपरेशन करावं लागलं. मुलगी झाली. अंगानं लहान, पण धड. आम्ही पोचलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. मी सोबत गेलो होतो, कारण नामदेवरावांना ऑटोवाल्याला पत्ता सांगता येईना.

पहिल्या बाळंतपणाचा खर्च माहेरचा, म्हणून ते महिन्याच्या पगाराचं पाकीट न फोडता खिशात घेऊन आले होते. काउंटरवर गेले. पोरगा म्हणाला, "इन्शुरन्समध्ये सगळं आहे अंकल. कॅशलेस."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

ते तिथंच उभे राहिले. मागची माणसं पुढं सरकायला सांगत होती.

रात्री खोलीत एकाच बाईला राहता येत होतं. सुनंदाबाईंची पिशवी तयार होती, थर्मास, चादर, सगळं. शुद्धीवर आल्यावर प्रणिता म्हणाली, "आईला राहू दे." सुनंदाबाईंनी थर्मास वहिनींच्या हातात दिला.

तेव्हा नर्सनं सांगितलं की सोबतच्या माणसाला खाट हवी असेल तर वेगळे पैसे, विम्यात ते बसत नाही. कौस्तुभनं मोबाईल काढला.

"नक्को," नामदेवराव म्हणाले, आणि त्यांनी पाकीट फोडलं.

वहिनी त्या खाटेवर तीन रात्री निजल्या. मुलगी रडली की उठत, लेकीला कुशीवर वळवत, पाणी पाजत. दिवसा नामदेवराव बाहेरच्या बाकावर असत, कामावर खाडा करून. टाके दाखवायला पुन्हा नर्सिंग होमला यायचं होतं, म्हणून चौथ्या दिवशी सकाळी प्रणिता आणि बाळाला घेऊन गाडी फ्लॅटवरच गेली. वहिनी बसनं अंबरपेठेला आल्या.

बाकावर घालवलेल्या दिवसांचे खाडे नामदेवरावांच्या पुढच्या पगारातून कापले जाणार होते. पाकिटातून भरलं गेलं ते एवढंच. एक लोखंडी खाट, तीन रात्रींची.